एक वाजताचा लाल ठिपका

संगणक अडला की बंद करून पुन्हा चालू करा, हा सल्ला आजकाल कोणीही कोणालाही देतं. माझ्या सासूबाईसुद्धा देतात. सेतुमाधव रावांनी तो त्यांच्या अख्ख्या नोकरीत कोणाला दिला नाही. त्यांच्यासमोर कोणी पॉवरच्या बटणाकडे हात नेला, तर ते त्या माणसाचं मनगट हळूच धरत आणि म्हणत, "निजलेल्याला उठवावें. चालत्याला कां निजवायचें?"

परवा घरचं इंटरनेट गेलं म्हणून मी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं नाव विचारायच्या आधी "बंद करून चालू करा" म्हटलं, आणि मला राव सर आठवले. आठवले ते दिवसभर डोक्यातून गेले नाहीत, म्हणून आज लिहायला बसले आहे.

चेन्नईच्या उत्तरेला गुम्मिडिपूंडीची औद्योगिक वसाहत आहे. तिथे मोटारींना लागणारे रबरी पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी नोकरीला होते. दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं झाली असतील. नवऱ्याची बदली चेन्नईला झाली, पेरंबूरला घर घेतलं, आणि साताऱ्याहून आणलेल्या कॉम्प्युटरच्या पदविकेवर मला ही नोकरी मिळाली. कॉम्प्युटर विभाग म्हणजे एक थंडगार खोली, दोन टेबलं, एक मी आणि एक राव सर.

पहिल्या दिवशी त्यांनी मला काहीतरी विचारलं. मला वाटलं तमिळ आहे, म्हणून मी माझं पाठ केलेलं वाक्य टाकलं की मला तमिळ येत नाही. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, सावकाश. तेव्हा कळलं की चाल तमिळची आहे, पण शब्द माझेच आहेत. "कुठल्या म्हणून विचारलें. घर कुठलें?"

साताऱ्याची म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग आमच्याच गांवची कीं. आमचे लोक तिकडूनच तंजावरास आलें. थोडक्या दिवसांसाठी म्हणून आलें, परतायचें राहून गेलें."

"कधी आले?" मी भोळेपणानं विचारलं.

"तीनशें वर्षें झालीं असतील," ते म्हणाले. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ते विनोद करतात तेव्हा त्यांचा चेहरा जास्तच गंभीर होतो, हे कळायला मला दोन महिने लागले.

अंगानं किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कपाळावर अंगाऱ्याची काळी उभी रेघ आणि बारा महिने हातात छत्री. सरकारी टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढून, तिथून लवकर निवृत्ती घेऊन ते इथे आले होते. आता त्यांची नोकरी वर्षावर्षानं वाढवून मिळत असे. राहायला तांबरमला. म्हणजे शहराचं पार दुसरं, दक्षिणेकडचं टोक. तिथून लोकलनं पार्क स्टेशन, रस्ता ओलांडून सेंट्रल, आणि तिथून दुसरी गाडी गुम्मिडिपूंडीची. जायला अडीच तास, यायला अडीच. कंपनीची बस वाटेत काही अंतरापर्यंत सोडायची, पण बसला वेळापत्रक नसतं म्हणून त्यांना ती आवडायची नाही. मी एकदा म्हटलं, सर, आयुष्य गाडीत जातंय. तर म्हणाले, "जाऊंदे मा. गाडीत मज कोणी कांही विचारत नाही."

हे 'मा' तमिळ लोकांचं, बाईमाणसाला मायेनं लावायचं. राव सरांच्या तोंडी ते मराठीला चिकटून यायचं. माझ्या मराठीला मात्र ते नावं ठेवत. मी कशालाही "चालेल" म्हणते हे त्यांना फार खटकायचं. "भात उरला तरी चालेल, प्रिंटर मोडला तरी चालेल. असकंच चालवतेस तूं." असकं म्हणजे सगळं. त्यांच्या घरात हा शब्द तीनशे वर्षं टिकून राहिला आहे, आणि आमच्या साताऱ्यात तो कोणाला माहीत नाही, याचा मला थोडा रागच आला होता.

त्यांचं काम कारखान्यातलं नेटवर्क सांभाळायचं. जागोजागी भिंतीवर लोखंडी पेट्या होत्या, त्यांच्यात स्विच नावाची यंत्रं, आणि त्या यंत्रांमधून सगळ्या विभागांचे संगणक एकमेकांना जोडलेले. मी आले तेव्हा कागदावर या पेट्यांना आकडे होते. राव सर आकडे वापरतच नसत. मुख्य पेटीला ते कावेरी म्हणत, तिच्यातून निघणाऱ्या दोन मोठ्या फाट्यांना कोळ्ळिडम आणि वेण्णार, आणि पुढे लहान लहान कालव्यांची नावं. तंजावरचा माणूस दुसरं काय करणार. सगळ्यात शेवटची पेटी मागच्या गेटवर, पहारेकऱ्याच्या खोलीत होती. तिचं नाव कडैमडै. कालव्याच्या अगदी शेवटाला जी शेतं असतात, जिथे पाणी सगळ्यांच्या नंतर पोचतं, त्या भागाला तिकडे असं म्हणतात.

रोज सकाळी नऊ वाजता ते छत्री घेऊन फेरीला निघत आणि फेरी कडैमडैपासून सुरू करत. "शेवटल्या शेतास पाणी पोचलें म्हणजे वरचें असकं नीट आहे," हा हिशेब. प्रत्येक पेटीवर हाताची पालथी बाजू ठेवून बघत, लेकराचा ताप बघतात तशी. जास्त गरम लागली की आत पंख्यात धूळ. जिथे जात तिथे बोलत. मिक्सिंग विभागातल्या कामगाराच्या मुलीचं बारावीचं काय झालं, कँटीनच्या स्वयंपाक्याचा गुडघा कसा आहे, हे सगळं त्या फेरीत व्हायचं. मागच्या गेटवर एळुमलै नावाचा पहारेकरी होता. पंचावन्नच्या आसपासचा, एन्नोरजवळच्या कोळीवाड्यातला. खाडीत मासे राहिले नाहीत आणि समुद्रात जायला गुडघे राहिले नाहीत, म्हणून एका काँट्रॅक्टरकडे पहारेकरी झालेला. तो राव सरांना खुर्ची पुसून द्यायचा आणि दोघं पाच मिनिटं पावसापाण्याचं बोलायचे.

मग ऑडिट आलं. आमचा माल घेणाऱ्या मोठ्या मोटार कंपनीची माणसं येऊन कारखाना तपासणार होती, आणि त्यांच्या यादीत एक ओळ होती: नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणारी व्यवस्था आहे का, आणि तिची तीस दिवसांची सलग नोंद. प्लांट मॅनेजर सुंदरेसन यांनी आम्हाला बोलावलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, फक्त कायम कोणाच्या तरी ईमेलच्या धाकात असायचे. राव सर म्हणाले, "मी फेरी मारतो की." सुंदरेसन म्हणाले, "सार, तुमची फेरी प्रिंट होत नाही."

विकतचं सॉफ्टवेअर घ्यायची परवानगी नव्हती. तेव्हा अडगळीतला एक संगणक काढला, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातलं, आणि नेटवर्कवर नजर ठेवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. ते दर मिनिटाला प्रत्येक पेटीला हाक मारतं. ओ आली तर पडद्यावर हिरवा ठिपका, नाही आली तर लाल, आणि वेळेसकट नोंद. ऐकायला सोपं आहे. बसवायला आम्हाला पंधरा दिवस लागले.

राव सरांची पद्धत अशी की आधी माहितीपुस्तिका पूर्ण वाचायची, मगच कळफलकाला हात लावायचा. आज्ञा टाइप करायच्या आधी ती पेन्सिलीनं वहीत लिहायची, समोर तारीख आणि वेळ. मी चिडायचे. मला दणादण करून बघायची सवय. एकदा मी त्यांच्या पाठीमागे एक टप्पा गाळून पुढे गेले आणि पडद्यावर शंभरेक ओळी चुकांच्या धडाधड पडल्या. मी शेवटची ओळ वाचून तिच्यावर उपाय शोधायला लागले. राव सर आले, खुर्ची ओढली, बाण दाबत दाबत अगदी वरपर्यंत गेले. "पहिली चूक वाच. बाकीच्या तिच्या सोयऱ्या. ती उठली कीं असक्या उठून जातात." पहिली ओळ सांगत होती की एक लहानशी फाइल जागेवर नाही. मी गाळलेल्या टप्प्यातलीच ती. आजही माझ्या हाताखालच्या लोकांना मी हे वाक्य ऐकवते आणि ते माझंच आहे असं भासवते.

शेवटी एकदाचं ते सुरू झालं, आणि पडद्यावर झाडून सगळे ठिपके लाल. नेमके त्याच वेळी सुंदरेसन दारात. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "पूर्ण फॅक्टरी बंद आहे?" राव सर शांतपणे म्हणाले, "फॅक्टरी उत्तम आहे, सार. वैद्यच आजारी आहे." झालं होतं असं, की ते सॉफ्टवेअर ज्या वापरकर्त्याच्या नावानं चालत होतं, त्याला हाक मारायचा अधिकारच दिलेला नव्हता. अधिकार दिला, एकेक ठिपका हिरवा होत गेला. शेवटी कडैमडै हिरवं झालं तेव्हा राव सरांनी डब्यातली डांगर पचडी, म्हणजे दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ, माझ्या ताटलीत जास्त वाढली. हा त्यांचा आनंदोत्सव.

दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की त्या संगणकाचं घड्याळ साडेपाच तास मागे आहे. लिनक्स घालताना आम्ही वेळेचा विभाग निवडायला विसरलो होतो, ते बिचारं विलायतेच्या वेळेवर चाललं होतं. राव सरांनी वहीत लिहून, आज्ञा देऊन ते भारतीय वेळेवर आणलं. मी विचारलं, "सर, आता सॉफ्टवेअर एकदा बंद करून चालू करूया का?" मला काही फार कळत होतं म्हणून नाही, सवयीनं विचारलं.

"तीस दिवसांची सलग नोंद हवी, मा. दोन दिवस झालें. आतां कां तोडायची?" आणि मग ते नेहमीचं वाक्य. त्यांनी वेळ विचारण्याची आज्ञा दिली, पडद्यावर बरोबर वेळ आली, माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघितली. मी म्हटलं, चालेल.

सगळे ठिपके हिरवे राहिले. एकट्या कडैमडैला रोज एक लाल डाग पडायला लागला. आठवड्याच्या अहवालात ओळीनं दिसायचं: दुपारी एक वाजता बंद, एक वाजून दोन मिनिटांनी चालू. रोज. दोन मिनिटांनी कोणाचं काही अडत नव्हतं, मागच्या गेटवर दिवसाला चार भंगारच्या गाड्या येतात. पण कागदावर लाल दिसत होतं, आणि ऑडिट पंधरा दिवसांवर आलं होतं.

सुंदरेसन म्हणाले, "एक वाजता म्हणजे जेवणाची वेळ. पहारेकरी प्लग काढत असणार. त्या वेळी ड्यूटीवर कोण असतं, लिहून द्या." त्या खोलीत एकच प्लग होता हे खरं. राव सरांनी अहवालाच्या खाली पेन्सिलीनं नव्हे, पेनानं लिहिलं: सकाळपाळी, एळुमलै.

एळुमलैला बोलावलं तेव्हा आम्ही दोघं तिथेच होतो. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. "एक वाजता मी जेवतो, सार. प्लगला हात लावत नाही," तो तमिळमध्ये म्हणाला. "एकदा लावला होता. पोंगलच्या वेळी मोबाइल चार्ज केला होता. एकदाच." आता असं कबूल करायची काही गरज होती का? पण त्याला विचारलं, आणि त्यानं खरं ते सांगितलं. सुंदरेसनना तेवढं पुरलं. एळुमलैनं राव सरांकडे बघितलं. राव सर म्हणाले, "नोंदीत तसं आहे, एळुमलै." हे वाक्य ते फार जपून उच्चारले, आणि म्हणूनच ते जास्त लागलं असणार. दुसऱ्या दिवशी काँट्रॅक्टरनं त्याला काढून टाकलं आणि नवा पहारेकरी पाठवला.

त्या दिवशी राव सरांनी फेरी मारली नाही. पडद्यावर सगळं दिसतंय, मग कशाला, असं काहीसं म्हणाले. मला ते विचित्र वाटलं, पण ऊनही फार होतं.

चार दिवसांनी अहवाल काढला. दुपारी एक वाजता बंद, एक वाजून दोन मिनिटांनी चालू. चारही दिवस. सुंदरेसन म्हणाले, हाही तसलाच दिसतो, बदला. राव सरांनी अहवाल उचलला. खोलीत येऊन ते छत्रीच्या मुठीशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "दोन माणसें, एकच वेळ, एकच चूक. असें होतें का, मा? डबा घे. आज मागच्या गेटवर जेवूं."

साडेबारापासून आम्ही त्या खोलीत बसलो. नवा पहारेकरी घाबरून उभाच होता, त्याला राव सरांनी आंबट भाजी आणि भात दिला. एक वाजला. पेटीतले दिवे लुकलुकत राहिले. सव्वा वाजला, दीड वाजला. काही झालं नाही. दोन वाजता परत येऊन नोंद बघितली. आजच्या तारखेला काहीच नव्हतं. "आपण बसलो म्हणून आज झालं नाही," मी म्हटलं. राव सरांनी वहीत वेळ घालून तेवढंच लिहिलं, की दोन वाजता नोंद नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा ते पडद्यासमोर बसले होते. छत्री अजून हातात. पडद्यावर कालची नोंद होती: दुपारी एक वाजता बंद, एक वाजून दोन मिनिटांनी चालू. काल दोन वाजता जी नव्हती, ती एक वाजताची नोंद आता होती.

त्यांनी वही मागे उलटत नेली. सॉफ्टवेअर सुरू केल्याची तारीख. त्यानंतर दोन दिवसांनी घड्याळ दुरुस्त केल्याची तारीख. मधे त्यांनी एक रेघ ओढली. "यंत्राचें घड्याळ मी फिरवलें," ते म्हणाले. "पण हें सॉफ्टवेअर आधीच चालू होतें. हें उठतांना जी वेळ घेऊन उठलें, तीच धरून आहे. तूं म्हटलीस उठवूं या म्हणून. मी उठवलें नाही."

विलायतेचा एक म्हणजे आपले साडेसहा. आम्ही दोघं त्या दिवशी पहिल्यांदा साडेपाचची घरची वेळ चुकवून मागच्या गेटवर थांबलो. साडेसहाला बाहेरचे दोन मोठे दिवे आपोआप लागले, खोलीतला पंखा क्षणभर मंदावला, पेटीतले सगळे दिवे गेले आणि दोन मिनिटांत परत आले. संध्याकाळपाळीचा पहारेकरी म्हणाला, "रोजच होतं, सार. दिवे नवीन लावलेत ना, ऑडिटसाठी. याच वायरवर आहेत." त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

राव सरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर ते सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू केलं. माझ्या देखत. मग पत्र लिहायला बसले, हातानं, इंग्रजीत. अहवालातल्या सगळ्या वेळा चुकीच्या आहेत, चूक माझी आहे, पहारेकऱ्याचा काही संबंध नाही, त्याला परत घ्यावं. खाली पूर्ण सही.

सुंदरेसननी पत्र दोनदा वाचलं. "सार, दिवे दुसऱ्या वायरवर घेऊ, विषय संपला. हे पत्र फाइलला गेलं तर तीस दिवसांची नोंद बाद. ऑडिट गुरुवारी आहे. आणि तो काँट्रॅक्टरचा माणूस आहे, आपण काढलेला नाही."

"नाव मी लिहिलं, सार," राव सर म्हणाले. "काँट्रॅक्टरनं नव्हे."

"तुमच्या एक्स्टेन्शनचा कागद माझ्या टेबलावर आहे, तुम्हाला ठाऊक आहे." हे त्यांनी धमकीसारखं म्हटलं नाही. उलट काळजीनं म्हटलं, असं मला आजही वाटतं.

"ठाऊक आहे," राव सर म्हणाले आणि पत्र आवक विभागात नेऊन त्यावर शिक्का मारून घेतला. पोच खिशात ठेवली.

रविवारी त्यांचा फोन आला. एन्नोरला जायचंय, येतेस का. "एकटा जाऊं शकतों. पण तूं असलीस तर मी मधूनच परतायचा नाही." माणसानं इतकं खरं बोलू नये, ऐकणाऱ्याला नाही म्हणता येत नाही.

एन्नोरला उतरून बसनं कोळीवाड्यात गेलो. औष्णिक वीज केंद्राची राख सगळीकडे बारीक बसलेली, जाळ्यांवरसुद्धा. एळुमलै घराबाहेर दुसऱ्याचं जाळं सांधत बसला होता. आम्हाला बघून उठला, पण या म्हणाला नाही. राव सरांनी उभ्या उभ्याच सांगितलं. यंत्राची वेळ चुकली होती, मी ती तपासली नाही, तुझं नाव मी लिहिलं, चूक माझी. पत्र दिलं आहे, तुला परत बोलावतील. तमिळमध्ये ते एरवी लांबलचक बोलत, त्या दिवशी चार वाक्यांत संपलं.

एळुमलै पुन्हा जाळं सांधायला बसला. बोलली ती त्याची बायको. दारातूनच. "दहा दिवस होत आले. इथे ह्यांना प्लगचोर म्हणतात. लहान पोरंसुद्धा. तुम्ही माझ्या अंगणात येऊन सांगितलंत, मला तर आधीच ठाऊक होतं. जे म्हणतात त्यांना जाऊन सांगा."

मला वाटलं राव सर आता हात जोडतील आणि आम्ही निघू. मी निघायच्या तयारीत होतेही. ते म्हणाले, "कुठे बसतात ते?"

मासळीच्या लिलावाची शेड होती. लिलाव उरकला होता, पंधरा-वीस बाप्ये पत्ते खेळत होते, बायका टोपल्या धूत होत्या. त्या ओल्या फरशीवर, मासळीच्या वासात, जन्मात कांदा न खाल्लेला हा माणूस धोतर सावरत उभा राहिला. सगळं सांगितलं, साडेपाच तासांसकट. कोणीतरी हसलं. एका म्हाताऱ्या कोळ्यानं विचारलं, "इतकं शिकलेले तुम्ही, आणि ऊन आहे का दिवा लागलाय तेही बघितलं नाही?"

"नाही बघितलं," राव सर म्हणाले. "खोलीत बसून होतो."

म्हाताऱ्यानं पत्ते खाली ठेवले आणि आमच्यामागून येऊन शेडच्या टोकाला उभ्या राहिलेल्या एळुमलैला हाक मारून आपल्या शेजारी बसायला जागा केली. मी तोंड फिरवून समुद्राकडे बघत राहिले, कारण मला रडू येत होतं आणि तिथे रडणं बरं दिसलं नसतं.

ऑडिटवाल्यांनी पत्र वाचलं, शेरा मारला, आणि महिन्यानं नव्यानं नोंद मागवली. मुख्य कार्यालयातून सुंदरेसनना जे ऐकून घ्यावं लागलं, ते त्यांनी आम्हाला ऐकवलं. एळुमलैला काँट्रॅक्टरनं परत घेतलं, पाळीही तीच दिली. राव सरांची मुदत मात्र त्या वर्षी वाढली नाही. कारण कोणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. मी मात्र सुंदरेसनना विचारलं, जरा मोठ्यानंच विचारलं. त्यांनी माझ्याकडे न बघता कागद चाळले.

शेवटच्या दिवशी कँटीनमध्ये हार, भाषण, केक झाला. बस पुढच्या गेटला उभी होती. राव सर मला म्हणाले, "मी मागून जातों," म्हणून मी त्यांच्याबरोबर चालत गेले. एळुमलैची पाळी दोनलाच संपलेली, तरी तो गणवेशात थांबला होता. कंपनी कायमची सोडणाऱ्या माणसाची पिशवी गेटवर उघडून बघायची आणि वहीत त्याची बाहेर जायची वेळ लिहायची, असा नियम आहे. एळुमलैनं पिशवी उघडून नीट बघितली, डबासुद्धा. काही सूट दिली नाही, आणि ते राव सरांना आवडलं, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. मग त्यानं वही उघडून पेनासकट त्यांच्या पुढे ठेवली.

"वेळ तुम्हीच लिहा, सार."

राव सरांनी नाव लिहिलं, सही केली. मग मनगटाकडे बघितलं. त्यांचं घड्याळ माझ्या घड्याळाशी जुळत होतं, पाच वाजून दहा. पेन कागदावर टेकवलेलं त्यांनी उचललं आणि एळुमलैला विचारलं, "तुझ्यात किती?"

एळुमलैनं बाही सारून घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. "पाच वाजून चौदा, सार."

राव सरांनी पाच वाजून चौदा लिहिले, छत्री उघडली, आणि स्टेशनच्या रस्त्याला लागले.